मदत हवी आहे: 1 किलो 850 ची भाची घरी आणलीय, आजी घुटीवर अडून बसलीय

नमस्कार मंडळी, गेवराई तालुक्यातल्या खेड्यातून लिहितोय. बहीण पहिल्या बाळंतपणाला आलेली, महिनाभर आधीच मोकळी झाली, मुलगी, वजन 1 किलो 850. 9 दिवस सरकारी दवाखान्यात काचेच्या पेटीत होती, परवा सोडलं. सिस्टरनं सगळं सांगितलं होतं पण गाडीच्या गडबडीत निम्मं डोक्यावरून गेलं, कांगारू म्हणजे लेकरू उघड्या छातीशी धरायचं, आंघोळ नको, निस्तं आईचं दूध एवढंच आठवतंय.

घरी आजीचं राज्य. सहाण निघाली, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ उगाळून तयार, वरून मधाचं बोट. बाजेखाली शेगडी, खोलीत धूर असा की माझेच डोळे चुरचुरायलेत. काही बोललं की म्हणती तुझ्या बापाला मीच वाढवलं ना. तिची स्वतःची दोन लेकरं सव्वा महिन्याच्या आत गेलीत, पण ते सटवाईनं लिहिलं होतं म्हणे. घर पत्र्याचं, रात्री लई थंडी, लेकराचे तळपाय गार लागायलेत आणि पिता पिता झोपी जातंय. काय करू? आजीला दुखवायचं पण नाही.

लातूरची सिस्टर:
दादा आधी पोटाला हात लावून बघा. पोट गरम अन् पाय गार तर बाळाला थंडी वाजतेय, लगेच छातीशी घ्या. पोटही गार असेल तर छातीशी धरूनच दवाखाना गाठायचा. टोपी, मोजे, लंगोट, बाकी उघडं, आईच्या उघड्या छातीवर उभं धरून वरून लुगड्यानं बांधायचं, एका वेळी तासभर तरी अन् दिवसरात्र मिळून जमेल तेवढं, 8 तासांच्या वर गेलं तर उत्तमच. दर 2 तासाला पाजा, झोपलं तर तळव्याला टिचकी मारा, ओढत नसेल तर दूध काढून वाटी-चमच्यानं. घुटी बंद, मध वर्षभर नाही, शेगडी बाहेर. अंग पुसून घ्या, आंघोळीची घाई नको. पिणं सोडलं, पोट उडायला लागलं, किंवा शांत असताना मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त श्वास भरले, परत मोजूनही तेवढेच आले, तर थांबू नका, 108 लावा. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार फुकट आहेत, गाडीसुद्धा. आणि आजीशी भांडू नका, तिलाच कामाला लावा. कांगारू आईनंच द्यावं असं नाही, आजीची छाती पण चालते. 1978 ला कोलंबियात बोगोटाच्या दवाखान्यात पेट्या कमी पडल्या म्हणूनच हे सुरू झालं. आशाताई आल्या का?

धागाकर्ता:
पोट गरम होतं ताई, जीवात जीव आला. आशाताई परवा येणार, 14 वा दिवस आहे. आजीला म्हणलं बहिणीला दोन तास झोपू दे, तोवर तू धर. आधी लाजली, मग पदराआड घेऊन बसली ती उठंच ना. आत्ता पाय कोमट लागले. शेगडी ओसरीत गेली, सहाण मात्र अजून चुलीजवळच आहे.