तलासच्या लढाईतल्या चिनी कैद्यांमुळे कागद जगभर पसरला, हे कितपत खरं?

निवांत_वाचक:
मुलीच्या प्रोजेक्टसाठी कागदाचा इतिहास बघतोय. जिथे जावं तिथे एकच स्टोरी, ७५१ साली मध्य आशियात तलासला अरबांनी चिनी सैन्याला हरवलं, कैद्यांत कागद बनवणारे कारागीर सापडले, त्यांनी समरकंदला कारखाना काढला, झालं. एका लढाईने एवढं होतं का? मला तर जरा फिल्मी वाटतंय.

बखरबहाद्दर:
फिल्मीच आहे. ही गोष्ट सांगणारा सालिबी हा अरबीत लिहिणारा लेखक अकराव्या शतकातला, म्हणजे लढाईनंतर अडीचशेच्या वर वर्षं गेलेली. आणि त्याच लढाईत पकडला गेलेला दू हुआन नावाचा चिनी माणूस पुढे घरी परतला, त्याने तिकडे भेटलेल्या चिनी विणकरांबद्दल, सोनारांबद्दल, चित्रकारांबद्दल लिहून ठेवलंय पण कागदवाल्यांचं नावही काढत नाही. शिवाय समरकंदकडच्या सोग्दी व्यापाऱ्यांची चौथ्या शतकाच्या सुरुवातीची पत्रं चीनमधल्या दुनहुआंगजवळ मिळालीत ती कागदावरच आहेत, म्हणजे कागद त्या लोकांच्या हातात कधीचाच होता.

निवांत_वाचक:
अरे वा. मग पसरला कशामुळे?

लगदा_मास्तर:
सरकारी दफ्तरामुळे हो, दुसरं काय! आठव्या शतकाच्या शेवटी बगदादला कागद बनायला लागला तेव्हा तिथल्या अब्बासी खलिफांच्या कारभाराला हिशेब लिहायला ढिगाने माल हवा होता. चामड्यावरची शाई खरवडून आकडा बदलता यायचा, कागदात शाई मुरते त्यामुळे खाडाखोड लगेच दिसते. चीनमध्ये तुतीची वगैरे साल वापरायचे, इकडे जुन्या कापडाच्या चिंध्या कुजवून कुटायच्या, वर खळ लावून दगडाने घोटायचं म्हणजे बोरू सरसर चालतो. पुढे तेराव्या शतकात इटलीत फाब्रियानोला खळीऐवजी जनावरांच्या कातड्याचा सरस लावायला लागले, तो कागद कडक, पिसाच्या टोकदार लेखणीला झकास. आणि कुटायला पाणचक्कीवरचे हातोडे. युरोपवाले नुसते कॉपी मारून थांबले नाहीत हे मान्य करायलाच हवं.

बखरबहाद्दर:
+१. आणि हे फुकट कोणी शिकवत नव्हतं बरं का. १३९० ला न्यूरेंबर्गच्या उल्मान श्ट्रोमरने इटालियन कारागीर आणून गिरणी काढली आणि कामगारांकडून शपथ घेतली की हे काम दुसऱ्या कुणाला शिकवणार नाही. मजा म्हणजे नंतर गंगा उलटी वाहिली, इटालियन कागद स्वस्त म्हणून उत्तर आफ्रिकेत जायला लागला आणि त्यातल्या काहींत क्रॉसचा वॉटरमार्क, मग यावर लिहिलेलं चालेल का म्हणून १४०९ ला त्लेम्सेनच्या (आजचं अल्जीरिया) इब्न मरझूक या धर्मपंडिताला फतवा द्यावा लागला. तो म्हणाला चालेल.

घाटावरची_सुमन:
आपल्याकडचं पण टाका की प्रोजेक्टमध्ये. दौलताबादहून खुलताबादला जाताना कागजीपुरा लागतं, हातकागदाचं गाव. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीला हलवली तेव्हा त्याच्यासोबत कागदी आले असं तिथे सांगतात. दौलताबादी आणि जुन्नरी कागद जुन्या मराठी दफ्तरांत भरपूर सापडतो.

निवांत_वाचक:
कागजीपुरा माहीतच नव्हतं, रविवारी जमतंय का बघतो. तलासची गोष्ट ठेवतो पण "असं म्हणतात" लावून, बाई मार्क कापतील तर कापू देत.