आरओचं पाणी माशांच्या टाकीत भरताना

दादा, लातूरचं बोअरचं पाणी जड म्हणून पूर्ण टाकी आरओच्या पाण्याने भरायची, हा तुम्हाला मिळालेला सल्ला मला अर्धाच पटला. आरओमधून क्षारांबरोबर कार्बोनेटही निघून जातं. मग पीएच (पाणी आम्ल की अल्कली ते दाखवणारा आकडा) सांभाळायला पाण्यात काही उरत नाही आणि तो अचानक घसरतो. गप्पी, मोली या माशांना तर थोडं जड पाणीच मानवतं.

बोअरचंच पाणी थोडं मिसळा. बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ९०० आणि आरओचा ५० असेल, तर एक भाग बोअर, तीन भाग आरओ घेतल्यावर साधारण २६० येतो. पण टीडीएस मीटर क्षार किती तेवढंच सांगतो, कोणते ते नाही. म्हणून केएचचं, म्हणजे कार्बोनेट किती ते दाखवणारं टेस्ट किट घ्याच.

स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरला कॉपरचं कार्ट्रिज असेल तर ते पाणी नको, झिंग्यांना तांबं विषासारखं. तांब्या-पितळेच्या हंड्यातही साठवू नका. खाण्याच्या दर्जाचा, झाकणाचा प्लास्टिक ड्रम बरा. आधी त्यात तेल किंवा केमिकल नव्हतं ना, एवढं विचारून घ्या. गच्चीवर तर ठेवूच नका. आपल्याकडच्या मे महिन्यात ते पाणी चटका देतं, मासे उकडायचेत का? घरात सावलीत ठेवा, डास येऊ नयेत म्हणून ड्रमच्या तोंडाला कापड बांधा, वापरण्याआधी रात्रभर एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू ठेवा.

आरओचं वाया जाणारं पाणी फरशीला, संडासाला वापरा. कुंड्यांना रोज नको, माती खारवते.