नर्सिंगचा पेपर राहिला, पुन्हा बसलात? तुमचे अनुभव लिहा

माझी भाची नाशिकला बी.एस्सी. नर्सिंग करते. पहिल्या सेमिस्टरला तिचा ॲनाटॉमी-फिजिओलॉजी (शरीराची रचना आणि काम) राहिला. चार दिवस झाले, पोरगी धड जेवत नाही. मी स्वतः जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेली, पंधरा वर्षं वॉर्डात आहे, आणि दुसऱ्या वर्षाला मीही एकदा अडकले होते. तिला वाचून दाखवीन म्हणते, तेव्हा 'सगळं चांगलं होईल' एवढंच नका लिहू. निकालानंतर नेमकं काय केलंत ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. माझा मेडिकल-सर्जिकल नर्सिंगचा पेपर राहिला होता. वॉर्डात सिस्टर शाबासकी द्यायच्या, म्हणून नापास झाल्याचं जास्तच लागलं. मग उत्तरं आठवून वहीत पुन्हा लिहून काढली, तेव्हा कळलं: आजाराची कारणं, लक्षणं, औषधं दोन-दोन पानं, आणि नर्सिंग केअर चार ओळीत. जे रोज हाताने करत होते तेच लिहिलं नव्हतं! दुसऱ्या वेळी प्रत्येक आजाराला केअरचं एक पान ठेवलं. पेशंटला कसं झोपवायचं, इनटेक-आउटपुट (शरीरात किती पाणी गेलं, किती बाहेर आलं), रात्री काय बघायचं, घरी जाताना नातेवाइकांना काय सांगायचं. पास झाले.

दिंडोरीहून
आमचं आरोग्य विद्यापीठ दिंडोरी रोडलाच, म्हसरूळला. १९९८ साली झालेलं, माझ्याहून मोठं. कॉलेजची बस रोज त्याच्या समोरून जायची. निकालानंतर महिनाभर मी खिडकीकडे पाठ करून बसायचे.

घरी सांगायला आठ दिवस लावले. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी चालू होती, मजुरांचे पैसे द्यायचे होते, त्यात माझ्या परीक्षेची पुन्हा फी. शेवटी बांधावर दादांना सांगितलं. ते कात्री पुसत म्हणाले, "मागच्या साली पावसानं आख्खा बाग गेला, तरी छाटणी धरलीच ना?" फीचं पुन्हा काही बोलले नाहीत.

माझं घोडं अडलं होतं ड्रिपच्या गणितात. ५०० मिली सलाईन, ४ तासांत द्यायचं, सेट २० थेंबांचा, म्हणजे २० थेंबांना एक मिली. मी तासांनी भागत बसायचे. मॅडमनी हातात घड्याळ दिलं आणि थेंब मोजायला लावले. ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. डोळ्यांनी थेंब पडताना बघितल्यावर मिनिटं विसरले नाही.

पेठ तालुका, जीएनएम
माझी बारावी कला शाखेची, सगळं मराठीतून. मांडीचं हाड माहीत, फीमर नाही. बायोसायन्सला नापास. होस्टेलवर मैत्रिणीच्या हातापायांवर स्केचपेनने नावं लिहायचो, दोघी हसून लोळायचो, पुसायचो, परत लिहायचो. पाठांतराने जे महिनाभरात झालं नाही ते असं पंधरा दिवसांत झालं. मावशी, तुमच्या भाचीला हे करून बघायला सांगा. एकटीने नाही, कुणाबरोबर तरी.

सिडको, लग्नानंतर शिकलेली
दोन वेळा राहिला. मुलगी अडीच वर्षांची होती. सासूबाई पहाटे चारला चहा ठेवून मला उठवायच्या आणि नातीजवळ झोपायच्या. यापुढे काय लिहू, त्यांच्यामुळेच पास झाले.

नाव नको
मला लिहायला जड जातंय. आमच्या कॉलेजात वर्गासमोर उभं करून गुण वाचले. त्या रात्री मनात वाईट विचार आले. रूममेटला कळलं, तिने १४४१६ लावून फोन माझ्या कानाला धरला. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फोन फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो. पलीकडच्या ताई मराठीत बोलल्या. मी बराच वेळ नुसती रडले, त्यांनी रडू दिलं. सकाळी भावाला बोलावून घेतलं. अभ्यास नंतर दोन आठवड्यांनी सुरू केला. तुमच्या भाचीजवळ रात्री कुणीतरी झोपा.

धागाकर्ती
नाव नको म्हणणाऱ्या ताई, तुमचं वाचून आत्ताच बहिणीला फोन केला. आजपासून मी भाचीच्या खोलीत झोपणार आहे. स्केचपेनचा डबा घेऊन जातेय.