प्रतिसाद: पैसा गोळा होतो, दुरुस्तीचं काय?

'मुलांनी निधी गोळा करण्यात वेळ घालवू नये, नुसतं श्रमदान करावं' हे गावात पाण्याची सोय करायला जाणाऱ्या कॉलेजच्या मुलांबद्दलचं म्हणणं मला पटत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर 7 दिवसांचं. तेवढ्यात चर खणून होतात, पण पाइप, मोटार, टाकी विकतच आणावी लागते. मात्र गोळा केलेला सगळा पैसा वस्तूवर संपवणं चूक, हे आम्ही स्वतः भोगलंय.

आम्ही दोन महिने घरोघर फिरून रद्दी जमवली, दिवाळीत पणत्या रंगवून विकल्या आणि त्या पैशांतून एका वाडीतल्या विहिरीवर मोटार बसवली. पहिलं पाणी आलं तेव्हा एक आजी नळाखाली ओंजळ धरून कितीतरी वेळ नुसत्या उभ्या होत्या. दुसऱ्या उन्हाळ्यात मोटार जळाली. रिवाइंडिंगला (जळालेली तार नव्याने गुंडाळायला) पैसे द्यायचे कुणी, यावर तीन महिने गेले आणि बायका परत हंडे घेऊन खाली ओढ्यावर.

पुढच्या तुकडीने निम्मी रक्कम दुरुस्तीसाठी वाडीच्या पाणी समितीच्या खात्यात ठेवली, तीही घरटी महिना 20 रुपये वर्गणी सुरू झाल्यावरच. जलजीवन मिशन या घरोघरी नळाने पाणी देण्याच्या सरकारी योजनेतही गावांतर्गत कामांच्या खर्चाच्या 10 टक्के लोकवर्गणी (डोंगराळ किंवा अनुसूचित जाती-जमातीबहुल गावांत 5 टक्के) धरलेली आहे, आणि ती श्रमाच्या रूपातही देता येते. मुलांनी हा वाटा परस्पर भरून टाकू नये. तो गावानेच द्यावा, मुलांनी त्यात भर घालावी. पासबुक कुणाकडे राहणार, हे मोटार घेण्याआधी ग्रामसभेत ठरवून घ्या.