अनुभव धागा : मे महिन्यातला गाडीप्रवास आणि वाटेवरची माणसं

काल माळा आवरताना फिरकीचा तांब्या सापडला आणि १९९४चा मे आठवला. काकांची मॅटाडोर, आम्ही अकरा जण, पुण्याहून मेहकरला आत्याकडे. शिरूरवरून आत वळून आधी निघोज. कुकडी आटलेली, त्यामुळे रांजणखळग्यांच्या अगदी कडेपर्यंत जाता आलं. एका कोरड्या खळग्यात बाबांनी मला उतरवलं. तळाशी गोटा, आईच्या वरवंट्यासारखा गुळगुळीत. "पुरात हे गोटे भोवऱ्यात गरागरा फिरतात आणि कातळ कोरतात," बाबा म्हणाले. मी दोन्ही हातांनी जोर लावला, जागचा हलेना.

पुढे नगर, औरंगाबाद, जालना. खिडक्यांना ओले पंचे बांधलेले, तासाभरात खडखडीत वाळायचे. रात्री मेहकरला पोचलो तर आत्या दारातच उभी. "काहून रे पोट्टेहो, एवढा उशीर?" आमची सदाशिव पेठेतली आत्या वऱ्हाडी कधी झाली, कळलंच नव्हतं. लोणार तिनेच दाखवलं. पदर डोक्यावर घेऊन आमच्या पुढे भराभर विवर उतरली. तिला जाऊन तीन वर्षं झाली. तुमचेही प्रवास लिहा ना.

सायली
फिरकीचा तांब्या!! आमच्याकडे तो धरून बसायचा मान धाकट्याचा. ओल्या फडक्यात गुंडाळलेला असायचा. पाणी काय गार लागायचं!

कातळशिल्प
आमचं दरवर्षी राजापूर. एकदा तिथली गंगा, म्हणजे अधूनमधून जमिनीतून प्रकटणारा झरा, आल्याचं कळलं आणि आजीने गाडी थेट तिकडेच न्यायला लावली, आत्तेभावाच्या मुंजीला उशीर झाला तरी. चौदा कुंडं, आजीने प्रत्येकाचं पाणी डोक्याला लावलं. नंतर उन्हाळे गावातल्या गरम झऱ्यावर अंघोळ. तिच्या गुडघ्यांना त्या दिवशी खरंच आराम पडला होता. घाटात सगळ्यांना उलट्या, आलेपाक वाटणं हे माझं काम.

मीनल_ना
दशम्या न्यायचात का? माझ्या दुसऱ्या दिवशी वातड होतात. परवा नाशिकला निघायचंय.

सायली
@मीनल पीठ दुधातच भिजव, पाण्याचा थेंब नको. मोहन थोडं जास्त. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भर. सोबत शेंगदाण्याची चटणी, कोरडीच.

दूरदेशी
आम्ही २०१६ला आई-बाबांना घेऊन डेन्व्हरहून निघालो, वाटेत सॉल्ट लेक सिटीला मावसबहिणीकडे मुक्काम, मग यलोस्टोन. ओल्ड फेथफुलचा फवारा साधारण दीड तासाने उडतो. आई बाकावर शांत बसून होती. पाणी उसळलं तशी चपला काढून उभी राहिली आणि हात जोडले. शेजारच्या एका परक्या आजींनीही तिच्याकडे बघून हात जोडले. आता आईला एवढा प्रवास झेपत नाही. तो फोटो तिच्या उशाशी असतो.

मीनल_ना
दूरदेशी, वाचून डोळे भरले. आईंना नमस्कार सांगा.

विवरकन्या
माझं माहेर लोणार. आत्यांचं वर्णन वाचून माझी आजीच डोळ्यांसमोर आली, तीही अशीच उतरायची. विवर जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंद आहे, बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेलं. जून २०२०मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा आईचा घाबरून फोन आला होता. पुढे आघारकर संस्थेच्या तपासणीत कळलं, खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला. पाणी कमी झालं की खारटपणा वाढतो. आता रंग पूर्ववत आहे. काठाशी तो उग्र वास मात्र तसाच, मला तो वास आला की माहेरी आल्यासारखं वाटतं.

धागाकर्ती
विवरकन्या, त्या वासाने मी नाक दाबलं तर आत्याने हात बाजूला केला होता, "नीट घे, हा वास दुसरीकडे नाही." मुलांना या सुट्टीत आणायचंय. गोमुखाची धार मे महिन्यात चालू असते का? आत्याने तिथेच हा तांब्या भरून दिला होता.

विवरकन्या
धार बारमाही आहे. मेहकरला आता कोणी नसेल तर आमच्याकडे उतरा, आई-बाबा दोघेच असतात. कूलर आहे. तांब्या आणायला विसरू नका.