डावीकडच्या पायाखाली पाणी साचतंय, येतंय कुठून?

मेढा_रोड (सातारा)

नमस्कार. आमची 2006 ची पेट्रोल हॅचबॅक आहे. शोरूममधून आणल्यापासून घरातच आहे आणि मला ती अजून बरीच वर्षं चालवायची आहे. मी साताऱ्याहून मेढ्याला शाळेत जाते. कण्हेर धरण मागं पडलं की पाऊस वाढतो, हे त्या रस्त्यानं जाणाऱ्यांना सांगायला नको.

या पावसाळ्यात ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढं, पायाखाली, पाणी साचायला लागलं. नुसती ओल नाही. कार्पेटवर तळहात दाबला की बोटांमधून पाणी वर येतं. मागच्या बाजूलाही डावीकडंच ओल आहे, तिथं ठेवलेला चाचणीच्या वह्यांचा गठ्ठा खालून भिजला आणि मुलांची शाई फुटली. काचांवर आतून सारखं धुकं, आणि दार उघडलं की कुबट वास.

एका गॅरेजमध्ये पुढच्या काचेभोवती सिलिकॉन फिरवून दिलं. फरक शून्य. दुसरीकडं म्हणाले की काच काढून नव्यानं बसवावी लागेल, काढताना तडा गेला तर जबाबदारी तुमची. तेवढा खर्च करायची तयारी आहे, पण पाणी काचेतूनच येतंय हे आधी कळायला हवं ना?

लक्षात आलेलं सगळं लिहिते. पावसातून गाडी चालवली तर कमी पाणी येतं, उभी राहिली की जास्त. शाळेत गाडी गुलमोहराखाली असते. घरी उतार आहे, तिथं तोंड खाली करून लावते. आणि सकाळी निघताना पहिल्या ब्रेकला डॅशबोर्डाच्या मागून डुचमळल्याचा आवाज येतो. कुणाला असा अनुभव असेल तर कृपया सांगा.

कृष्णाकाठ_सांगली

घरचीच गाडी आहे म्हणताय म्हणून एक शंका सोडून देतो. नाहीतर आमच्याकडं पहिला प्रश्न तोच असतो: ऑगस्ट 2019 च्या पुरात गाडी बुडाली होती का? हा धागा वाचून जुनी गाडी बघायला जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला मातकट रेघ सापडते. स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ बघा, सीटचे रेल गंजलेत का बघा. वास लपवता येतो, बेल्टच्या आतली रेघ सहसा कुणी धूत नाही.

ताई, तुमचं दुखणं वेगळं दिसतंय. जाणकार सांगतील.

वाईकर_घाटवाला

एसी लावता का? पावसात काचेवरचं धुकं घालवायला आपण सगळेच लावतो. एसीच्या कॉइलवर जमलेलं पाणी एका नळीतून गाडीखाली पडतं. ती नळी तुंबली की तेच पाणी डावीकडं पायाखाली येतं आणि माणूस पावसाला दोष देत बसतो. कोरड्या जागी अर्धा तास एसी चालू ठेवून खाली थेंब पडतात का बघा. पडत नसतील तर नळी साफ करा, काम संपलं.

पाणी चिकट लागलं, गोडसर वास आला किंवा त्याला हिरवा-लाल रंग असला तर मात्र ते कूलंट. मग हीटर गळतोय आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय का तेही बघावं लागेल.

मेढा_रोड

वाईकर, धन्यवाद. एसीचं बघितलं, खाली व्यवस्थित थेंब पडतात. आत साचलेलं पाणी स्वच्छ आहे, चिकट नाही.

करंजे_काका (सातारा)

ताई, आता सिलिकॉनची ट्यूब कुणालाही गाडीजवळ आणू देऊ नका. मी एसटीच्या वर्कशॉपात बॉडीच्या कामावर होतो, उभी हयात गळणाऱ्या गाड्यांत गेली. पाणी जिथं दिसतं तिथून ते आत शिरलेलं असतंच असं नाही. पत्र्याच्या आतून, वायरच्या अंगावरून, कार्पेटच्या खालून ते चार हात लांब जातं. म्हणून वाट सापडेपर्यंत काहीही चिकटवायचं नाही. ज्या सिलिकॉनला आंबट वास येतो त्यानं पत्र्यालाही गंज धरतो. वर त्याचा थर राहिला तर पुढं काच बसवायचं खरं केमिकल त्या जागी पकडत नाही.

तुमच्या लिहिण्यात उत्तर जवळजवळ आलंय. काचेतून गळणाऱ्या गाडीत डुचमळण्याएवढं पाणी डॅशबोर्डामागं साठेल कुठं? वायपरखाली काळी प्लास्टिकची जाळी आहे ना, तिच्याखाली पत्र्याची आडवी पन्हळ असते. काचेवरचं सगळं पाणी तिच्यात पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून फेंडरच्या, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या, मागून जमिनीवर जातं. ब्लोअर, म्हणजे डॅशबोर्डामागचा पंखा, हवा ओढतो तीही याच पन्हळीतून, आणि आपल्याकडं स्टेअरिंग उजवीकडं असल्यामुळं ब्लोअर बहुतेक गाड्यांत डावीकडं असतो. हवेच्या तोंडाला पत्र्याचा बुटका कठडा असतो, पाणी आत जाऊ नये म्हणून. भोक तुंबलं की पन्हळ भरते, पाणी कठडा ओलांडतं आणि ब्लोअरमधून थेट शेजारच्याच्या पायावर. चालत्या गाडीत हिंदकळून बरंचसं बाहेर जात असेल. उभ्या गाडीत, तेही तोंड उताराला असताना, ते जाणार कुठं? वर गुलमोहर! त्याची बारीक पानं त्या जाळीतून सहज आत पडतात. आंब्याचं पान निदान वर अडकून दिसतं तरी.

जाळी काढायला वायपरच्या दांड्या काढाव्या लागतील. त्या काचेवर जिथं टेकतात तिथं आधी खडूनं खूण करा, म्हणजे परत त्याच जागी बसतील. जाळीच्या क्लिपा एवढ्या वर्षांत वाळून कडक झालेल्या असतात, तुटणारच. पोवई नाक्याच्या बाजूला कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतील, आधीच आणून ठेवा. पन्हळीतला गाळ हातानं काढा. भोकात तार घालायचा मोह होतो, तो आवरा. तारेनं गोळा आणखी खाली सरकतो, आणि टोकाला रबरी चोच असेल तर ती फाटते. साफ झाल्यावर तांब्याभर पाणी एका बाजूला ओता, तेवढंच दुसऱ्या बाजूला ओता. पुढच्या चाकामागून दोन्हीकडं सारखी धार पडली पाहिजे.

आता मागची ओल. हे पुढचंच पाणी मागं गेलं असं लगेच धरू नका. तुम्ही गाडी तोंड खाली करून लावता, मग पुढचं पाणी चढून मागं जाईल कसं? रस्त्यातल्या चढाला थोडं सरकेल, पण वह्यांचा गठ्ठा भिजवण्याएवढं नाही. मला मागच्या दाराचा संशय आहे. त्या दारात कधी स्पीकर बसवलेत का?

कारण सांगतो. दाराच्या आत पाणी जाणं हे दुखणं नाहीच. काच खालीवर होते, तिच्या फेल्टमधून पाणी दारात उतरतं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून खाली पडतं. कंपनीनं तशीच रचना केलेली असते. आपण बसतो त्या बाजूला डोअर पॅडच्या, म्हणजे दाराच्या आतल्या आवरणाच्या, मागं एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो पाण्याला दाराच्या आतच ठेवतो. स्पीकर बसवणारे तो कागद ब्लेडनं कापतात आणि तसाच सोडतात. मग पाणी कागदाच्या अलीकडं येतं, पॅडच्या खालून उंबऱ्यावर, तिथून कार्पेटखाली. वरून काही दिसत नाही.

शोधायची पद्धत लिहितो, तिच्यात घाई करू नका. पहिलं, गाडी आतून कोरडी करा. ओल्या गाडीत गळती सापडत नाही. डावीकडच्या सीट काढता आल्या तर काढा. सीटखाली पिवळा कनेक्टर असेल तर तो एअरबॅगच्या वायरिंगचा असतो. तो असला तर आधी इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह काढा, थोडा वेळ जाऊ द्या आणि मगच हात लावा. कार्पेट उचलून उघड्या पत्र्यावर वर्तमानपत्र पसरा, उंबऱ्यापर्यंत.

मग एक माणूस आत टॉर्च घेऊन आणि एक बाहेर साधी नळी घेऊन. प्रेशरचा पाइप नको, त्यानं चांगल्या रबरातूनही पाणी आत जातं आणि आपली दिशाभूल होते. सुरुवात खालून करा. आधी उंबरा आणि दाराचा खालचा भाग, मग दाराची काच, मग पुढच्या काचेचा तळ, तिच्या बाजू, शेवटी टप. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि कुठलं आत गेलं ते कळत नाही. एका जागी पाच-दहा मिनिटं पाणी सोडत राहा. आतल्यानं फक्त कागद बघायचा, पहिला डाग कुठं पडतो.

दाराचं रबर तपासायचं असेल तर कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सैल सुटली तर रबर तिथं दबत नाही. काचेचा संशय उरलाच तर ब्लोअर बाहेरच्या हवेवर ठेवून पूर्ण सोडा, सगळ्या काचा बंद करा आणि काचेच्या कडेनं बाहेरून साबणाचं पाणी ब्रशनं लावा. हवा निसटत असेल तिथं बुडबुडे येतील. काच काढायचा निर्णय त्यानंतर.

इंजिन कधीही परत बांधता येतं. फ्लोअर सडला की गाडी संपली. म्हणून एवढं लांबण लावलं.

मेढा_रोड

काका, सापडलं! दोन्ही ठिकाणी तुम्ही म्हणालात तसंच.

रविवारी आम्ही दोघं आणि मुलगा मिळून जाळी काढली. डाव्या टोकाला काळाकुट्ट मऊ चिखल होता, मुठीत मावणार नाही एवढा. त्यात गुलमोहराची पानं, मे महिन्यातल्या पाकळ्यांचे वाळके देठ, आणि चिखलात रुजलेलं बोटभर उंचीचं रोप, पांढऱ्या मुळांसकट. उजवं भोक मोकळं होतं. आधी तांब्याभर पाणी ओतून बघितलं तेव्हा उजवीकडं धार पडली आणि डावीकडं पाणी जागच्या जागी उभं राहिलं. चिखल काढल्यावर ते गटगट आवाज करून खाली गेलं आणि चाकामागून पडलं.

मागच्या दारात स्पीकर आहेत, बऱ्याच वर्षांपूर्वी बसवून घेतलेले. नळी दाराच्या काचेवर धरली, मुलगा आत वर्तमानपत्राकडं बघत बसला. आधी काहीच नाही, मी नळी हलवणार एवढ्यात तो ओरडला. उंबऱ्याच्या कडेला, स्पीकरच्या बरोबर खाली, रुपयाएवढा डाग पडला आणि बघता बघता पसरला. पॅड काढलं तर प्लास्टिक स्पीकरभोवती गोल कापलेलं आणि खालची कड सुटून लोंबत होती. शेवटी टपावर आणि पुढच्या काचेवरही भरपूर पाणी सोडलं, कागद कोरडा. म्हणजे काच काढायचीच नव्हती.

आता दोन प्रश्न. दाराच्या प्लास्टिकला काय चिकटवू? आणि कार्पेटखालचा जाड फोम पिळला तरी पाणी सोडतोच आहे, त्याचं काय करू?

शिराळ्याचा_चालक

काका, मधेच विचारतो. माझ्या गाडीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचतं, वर सगळं कोरडं. डिकीचं रबर नवीन टाकलं तरी तेच.

करंजे_काका

शिराळा, मागचे दिवे काढून त्यांच्यामागचं फोमचं गॅस्केट बघा. ते वाळून चपटं होतं आणि पाणी दिव्यामागून कोपऱ्यातून खड्ड्यात उतरतं. तिथं नसेल तर बंपरमागं केबिनची हवा बाहेर सोडणाऱ्या रबरी पडद्यांच्या झडपा असतात, त्यांची कड तपासा. टपावर कॅरिअर असेल तर त्याचे बोल्टसुद्धा. आत बसून डिकी लावून घ्या, बाहेरच्याला नळी धरायला सांगा. टॉर्चच्या उजेडात थेंब दिसतो.

ताई, छान काम केलंत. दाराला ब्युटाइल टेप लावा, काळी, चिकट दोरीसारखी मिळते. पत्रा आधी पेट्रोलच्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळू द्या. जुनं प्लास्टिक ठिगळ लावण्यासारखं नसेल तर जाड प्लास्टिकचा नवा कागद त्याच आकाराचा कापा. खालची कड पत्र्याच्या खाचेतून दाराच्या आतल्या बाजूला गेली पाहिजे, म्हणजे कागदावरून ओघळलेलं पाणी दारातच पडेल. कड बाहेर राहिली तर सगळी मेहनत फुकट. स्पीकरवर पावसाचं पाणी पडू नये म्हणून मागून प्लास्टिकची छोटी टोपी करा.

फोम गाडीत वाळणार नाही, या हवेत तर नाहीच. बाहेर काढा, उभा टांगा, घरात टेबल फॅन लावा. वास गेला नाही तर फेकून द्या आणि कुशनवाल्याकडून तेवढ्याच जाडीचा नवा घ्या. तो बसवायच्या आधी पत्रा नीट बघा. वरवरचा गंज असेल तर घासून प्रायमर आणि रंग द्या. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं पत्रा दबला तर डेंटरला दाखवा. फ्लोअरला गोल रबरी प्लग असतात, साचलेलं पाणी सोडायला काढले असतील तर कार्पेट टाकायच्या आधी सगळे परत बसवा. एक जरी राहिला तर पुढच्या खड्ड्यातलं पाणी चाकानं खालून आत मारलंच समजा.