तक्त्यावर ताऱ्यांचा कोणता आकडा लिहावा?

प्रश्न – रोहिणीशकट
नववीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ताऱ्यांचा तक्ता करायचा आहे. आकाशगंगेतले तारे कुठे १० हजार कोटी दिले आहेत, कुठे ४० हजार कोटी. दृश्य विश्वातले (म्हणजे जिथला प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचू शकला आहे तिथले) कुठे १ वर २२ शून्यं, कुठे २४. म्हणजे शंभरपट फरक! कोणता आकडा धरायचा? ताऱ्यांचे प्रकार नुसती यादी न देता प्रमाणात कसे दाखवता येतील? येत्या अमावास्येला आकाशदर्शन आहे, तेव्हा मुलांना स्वतः मोजता येईल असंही काही सुचवा.

ध्रुवमत्स्य
हे आकडे मोजणीचे नाहीत, भागाकाराचे आहेत. तारे आणि वायू किती वेगाने फिरतात यावरून आकाशगंगेचं वस्तुमान काढतात आणि त्यातून कृष्णद्रव्य (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य) व वायू वजा करतात. उरतं ते सुमारे ५ ते ६ हजार कोटी सूर्यांइतकं. याला सरासरी ताऱ्याच्या वस्तुमानाने भागायचं, आणि घोळ इथेच होतो. सरासरी अर्धा सूर्य धरली तर १० ते १२ हजार कोटी तारे येतात, एक पंचमांश धरली तर २५ ते ३० हजार कोटी. सगळा वाद अतिमंद, हलके तारे किती आहेत याचा. प्रत्यक्ष नोंद म्हणाल तर ताऱ्यांची नोंद करणाऱ्या गाया यानाच्या २०२२ च्या यादीत सुमारे १८० कोटी बिंदू आहेत. १० हजार कोटी धरले तरी शंभरातले दोनही नाहीत.

२२ की २४? हबल अवकाश दुर्बिणीच्या २००४ च्या अतिखोल चित्रात सुमारे ११ चौरस कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) एवढ्या आकाशात १० हजारांच्या आसपास दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे समूह, दिसल्या. अख्खं आकाश जवळपास १४.८५ कोटी चौरस कला. त्रैराशिक मांडा: सुमारे १३,५०० कोटी दीर्घिका. प्रत्येकीत १० हजार कोटी तारे धरले की १ वर २२ शून्यं येतात. २०१६ मध्ये २ लाख कोटी दीर्घिकांचा अंदाज आला. त्याला ४० हजार कोटींनी गुणलं की थेट २४ शून्यांजवळ पोहोचतो. पण हा गुणाकार चुकीचा आहे, कारण त्या जास्तीच्या दीर्घिका बहुतांशी खुज्या आहेत, आपल्या आकाशगंगेएवढ्या नाहीत. तक्त्यावर "दृश्य विश्वात सुमारे १ वर २२ शून्यं" लिहा. "दृश्य" हा शब्द गाळू नका, त्यापलीकडचं विश्व या हिशोबात नाही.

मघा_फाल्गुनी
प्रकारांसाठी जवळपास १००० दाणे चिकटवा. ताऱ्यांचे वर्ग तापमानावरून ठरतात, एम सर्वांत थंड आणि ओ सर्वांत तापलेला. मुख्य क्रमावरच्या (म्हणजे सूर्यासारख्या, अजून न फुगलेल्या) हजार ताऱ्यांत ढोबळमानाने एम वर्गाचे ७६५, के १२०, जी ७५, एफ ३०, ए ६ आणि बी १. एमला मसूरडाळ, केला तूरडाळ, जीला मूगडाळ, एफला ज्वारी, एला साबुदाणा, बीला एक निळा मणी. ओ वर्ग तीस लाखांत एखादा, त्यामुळे या तक्त्यात त्याला जागाच नाही. हे मुलांना नक्की सांगा. आपला सूर्य मूगडाळीत.

शेजारी दुसरा छोटा तक्ता लावा: डोळ्यांना दिसणारे ठळक तारे. व्याध ए, चित्रा बी, आणि स्वाती, रोहिणी, ज्येष्ठा, आर्द्रा हे फुगलेले राक्षसी तारे. एम वर्गाचा बटू (न फुगलेला, लहान) तारा एकही नाही! सूर्यानंतर सर्वांत जवळचा प्रॉक्झिमा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे, पण त्याची प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) ११ च्या आसपास, आणि नुसत्या डोळ्यांची मर्यादा साडेसहा. तेजस्वी तारे लांबूनही दिसतात म्हणून आकाश पाहून प्रमाण ठरवलं की ते उलटं येतं. दोन तक्ते शेजारी असले की हे आपोआप कळतं.

नळीवाला
मोजणीसाठी काळ्या कार्डशीटची नळी करा, व्यास १२ सेंमी, लांबी ३० सेंमी. तिच्यातून अर्ध्या आकाशगोलाचा ५१.५ वा भाग दिसतो. दहा दिशांना मोजा आणि एकूण बेरजेला ५.१५ ने गुणा. बेरीज १०० आली तर उत्तर ५१५, त्यात साधारण दहा टक्के इकडेतिकडे.

नेहमी होणारी चूक म्हणजे सगळे डोक्यावरच नळी धरतात. अर्ध्या गोलाचं निम्मं क्षेत्रफळ क्षितिजापासून ३० अंशांच्या खाली असतं, म्हणून पाच वेळा ३० च्या खाली आणि पाच वेळा वर. क्षितिजाशी नळीचा मध्य १२ अंशांखाली नेऊ नका, जमीन आत येते. आकाशगंगेच्या पट्ट्यातच दोन-तीनदा नळी गेली तरी आकडा फुगतो. सुरुवातीला २० मिनिटं अंधारात बसवा, मोबाइल बंद, टॉर्चला लाल कागद.

ताळा पाहायला येल तारासूची (ठळक ताऱ्यांची प्रसिद्ध यादी) घ्या: साडेसहा प्रतीपर्यंतचे ९,०९६ तारे. एका वेळी निम्मेच क्षितिजावर, त्यातही खालचे धुरकटात जातात, म्हणून उत्तम अंधारात दोन-तीन हजार. शहरातून शंभरही मिळाले नाहीत तर हिशोब चुकला असं समजू नका, दिव्यांचा उजेड आहे तो.

रोहिणीशकट
चष्म्याच्या मुलांचं काय? नळी डोळ्याला टेकत नाही.

नळीवाला
३० सेंमी हे डोळ्याच्या बाहुलीपासून नळीच्या दूरच्या टोकापर्यंतचं अंतर. चष्म्यामुळे दोन सेंमी वाढत असतील तर नळी २८ ची कापा. तशीच ३० ची ठेवली तर मोजणी सुमारे १२ टक्के कमी भरेल.